अंबूबाईचा बाईट

माणदेशातल्या अंबूबाईचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. तोंडाची फटकळ बाई, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. दिवाळी झाली की नवरा, सून आणि कळप घेऊन ती कृष्णाकाठी उतरते. वाळव्याकडं लालासाहेब पाटलांचं रान आहे. ऊस तुटून गेला की त्या मोकळ्या रानात तिची मेंढरं रात्री बसतात. रानाला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो आणि अंबूबाईला धान्य. तिची सासूही तिथंच उतरायची.

हे सगळं एका टीव्हीवाल्यानं मोडलं.

त्या साली शास्त्रज्ञांनी नवा धूमकेतू शोधला. तो पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर लांबून जाणार होता आणि त्याच्या शेपटीत थोडा विषारी वायू सापडला होता. चॅनेलनं अंतर गाळलं आणि विष ठेवलं. मग विषानं मेलेलं काहीतरी दाखवायला हवं, म्हणून त्यांचा वार्ताहर गाडी घेऊन गावोगाव हिंडत होता. त्याला रस्त्याकडेला मेलेल्या मेंढीपाशी बसलेली अंबूबाई दिसली.

"मावशी, पहाटे शेपटीचा तारा दिसला का?"

"दिसला की. पर मेंढी कवळी ज्वारी खाऊन मेलीया. पोट फुगलं तिचं."

संध्याकाळी टीव्हीवर 'दिसला की' एवढंच उरलं. त्याला लागून मेलेली मेंढी, आणि छातीत धडकी भरेल असं संगीत. पुढं एक ज्योतिषी आणि एक प्राध्यापक चर्चेला बसवले होते. प्राध्यापकाला कुणी वाक्य पुरं करू दिलं नाही. या लोकांना लाज कशी वाटत नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी बांधावरच हात आडवा केला.

"अंबूबाई, औंदा नगं. रानात इख उतरंल म्हणत्यात."

"आवं मालक, ज्वारी खाऊन मेली ती."

"तुमीच तर टीव्हीवर सांगितलंसा."

गाभण मेंढ्या घेऊन सगळी कॅनॉलच्या कडेला पडली. गारठ्यानं कोकरं दगावली. अंबूबाई मात्र रोज पाटलांच्या दारात जाऊन बसायची, मेंढीची तीच हकीकत पुन्हा सांगायची. अखेर लालासाहेबांनाच ओशाळल्यागत झालं. म्हणाले, "बरं, सोमवारी आणा मेंढरं."

तिचा जीव भांड्यात पडला. आणि रविवारी तोच वार्ताहर पुन्हा हजर. आता कुठल्याशा लांबच्या ताऱ्याभोवती नवा ग्रह सापडला होता आणि तिथं पाणी असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता.

"मावशी, नव्या ग्रहावरचे लोक इकडं आले तर भीती वाटते का?"

"माझी मेंढी कशानं मेली, ते सांग आदी समद्यास्नी."

"तो विषय संपला आता, मावशी."

अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर आलेल्या शिव्या तिनं गिळल्या, कारण बोललं की हा कापणार, हे ती शिकली होती. तिनं ओठ घट्ट मिटले. त्यानं हरतऱ्हेनं विचारून पाहिलं, कॅमेरा तिच्या तोंडाजवळ आणला, ती हूं की चूं करेना. शेवटी तो गेला. या खेपेला आपण त्याला पुरून उरलो, म्हणून ती खूश होती.

संध्याकाळी सून प्रांजलनं मोबाईल पुढं धरला. पडदाभर अंबूबाईचा मिटलेला चेहरा होता, मागं मेंढरं, आणि खाली लाल पट्टी पळत होती: 'मेंढपाळ महिलेनं आकाशात काय पाहिलं? भीतीनं बसली वाचा!'

तेवढ्यात तोच फोन वाजला. लालासाहेब होते.

"अंबूबाई, उद्या येऊ नगा. घरात पोरंबाळं हायती आमच्या."

"काय म्हनलं मालक?" प्रांजलनं विचारलं.

अंबूबाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या चॅनेलची तेवढी एक बातमी खरी निघाली.