माईंना ऐकू जाईल असा पिकअप

ऑर्केस्ट्रात काही वर्षं काढली की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, वायरी आणि किस्से. दोन्ही कितीही नीट गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी पेटी उघडली की एकमेकांत गुंतलेले! एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. परवा आमचा जुना ड्रमर दिनू भेटला. "विलासच्या त्या पिकअपचं आठवतं का रे?" एवढंच म्हणाला, आणि समोरचा चहा गार होईपर्यंत आम्ही दोघं हसत बसलो.

तर हे नव्वदच्या दशकातलं, नाशिकचं. मी कीबोर्डवर, दिनू ड्रमवर आणि विलास बेस गिटारवर. विलास दिवसा अंबडच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा आणि संध्याकाळी आमच्यात यायचा. ऑर्केस्ट्राचं नाव मुद्दाम सांगत नाही. गायक रुसून गेला की ते बदलायचं, आणि गायक फार रुसायचे!

विलासची आई म्हणजे माई. आमचा कार्यक्रम कुठेही असो, माई पहिल्या रांगेत. परतीच्या गाडीत त्या प्रसाद वाटावा तसं सगळ्यांना कौतुक वाटायच्या. एकदा इगतपुरीला गणपतीत कार्यक्रम होता. पावसानं लाइट घालवली आणि सगळा कार्यक्रम जनरेटरवर झाला. इगतपुरी मागे पडली तशा माई सुरू झाल्या.

"त्या पोरीचा आवाज काय गोड! दिनू, तू तर एक दिवस हात मोडून घेशील. आणि तो जनरेटरवाला! शेवटपर्यंत एकसारखं चालू ठेवलं हो त्यानं."

"आणि मी?" विलासनं विचारलं.

माईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तुझा शर्ट उठून दिसत होता."

* * *

आम्ही हसलो, पण विलासला ते लागलं. माईंचं मत पक्कं होतं: बाकीचे वाजवतात आणि आपला मुलगा गिटार गळ्यात घालून उभा राहतो. त्यात त्याच वर्षी दिवाळीनंतर माई मुलीकडे सुरतेला कायमच्या राहायला जाणार होत्या.

"त्याच्या आधी एकदा तरी मी तिला ऐकू आलो पाहिजे," विलास मला म्हणाला. म्हणाला हसत हसतच, पण मला फार वाईट वाटलं.

त्यावर त्यानं उपाय काढला तो लेथवाल्यासारखा. यंत्रच बदलायचं! जुन्या गिटारला एकच पिकअप होता, वरच्या बाजूला, मानेजवळ. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं, भोवती बारीक तारेचं वेटोळं असलेलं लोहचुंबक. तारेची थरथर पकडून ते स्पीकरकडे पाठवतं. मानेजवळ ते असलं की आवाज जाड आणि घुमणारा येतो. तेच खाली ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे बसवलं, तर आवाज कडक आणि टोकदार निघतो. विलासचं म्हणणं असं की टोकदार आवाज गर्दीतून वाट काढत थेट पहिल्या रांगेत पोचेल. म्हणून नवी गिटार बनवून घ्यायची, दोन पिकअपची. मानेजवळचा जुनाच काढून बसवायचा. ब्रिजजवळचा मात्र निवडायचा होता, आणि तिथूनच आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

* * *

मधल्या काळात जुनी गिटार घेऊनच कार्यक्रम चालले होते. सुरगाण्याला गेलो होतो जीपमधून, गिटारी मांडीवर घेऊन. कार्यक्रमाआधी एक म्हातारेबाबा स्टेजजवळ आले. त्यांनी आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याच्या तारा बोटानं मोजल्या, मग विलासच्या मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या.

"त्याच्या सहा, तुझ्या चारच?"

"हो बाबा, याला चारच असतात."

बाबांना काही ते पटलं नाही. ते मागे जाऊन चार लोकांशी बोलले आणि परत आले.

"वाईट नको वाटून घेऊ. आम्ही वर्गणी काढतो. दोन तारा बसवून घे!"

* * *

नवी गिटार बनवायला घेतली युसूफचाचांनी. भद्रकालीत त्यांचं दुकान, पलंग आणि कपाटांचं. जन्मात कधी गिटार बनवली नव्हती, पण विलासची जुनी गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. "छोड के जा. बघतो काय भानगड आहे ती."

चाचांनी एका पलंगातून उरलेलं शिसवी लाकूड वापरलं. आकार सुरेख आला. विलासनं पट्टा गळ्यात घातला आणि तो जागच्या जागी पुढे वाकला.

"चाचा, हे गळ्यात घालायचं का यावर झोपायचं?"

"दोन्ही कर ना! लकडी तर पलंगाचीच हाय."

मानेजवळचा खड्डा चाचांनी कोरला, पण ब्रिजजवळ पटाशी लावायला तयार होईनात. "आधी पिकअप पक्का कर. एक बार कोरलं की लाकूड परत भरत नाय."

विलास पंचवटी गाडीनं मुंबईला गेला आणि ओळखीच्या दुकानातून दोन पिकअप घेऊन आला. ठरलं असं, की एक ठेवायचा आणि एक परत. पहिला बारीक, एका वेटोळ्याचा. त्याचा आवाज चमकदार, पण त्याला सतत गुणगुणायची खोड. दुसरा जाडजूड, दोन वेटोळ्यांचा. तो अजिबात गुणगुणत नव्हता, पण त्याचं सगळंच जरा घशातून बोलल्यासारखं. दोघांची मापं वेगळी, त्यामुळे एकदा निवडला की संपलं.

चाचांनी माप घ्यायला दोन्ही ठेवून घेतले. संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो तर चाचा जमिनीवर उकिडवे बसलेले, आणि हातातला जाडजूड पिकअप भुशातून फिरवतायत. त्याला खालून चुका आणि स्क्रू लगडलेले!

"विलास, ये तो बहुतच भारी चीज हाय! सकाळपासून एक चूक वाया गेली नाय. माझ्यासाठी पण एक आण."

* * *

बारीक पिकअप कुठे आणि किती गुणगुणतो ते पाहायला विलासनं तो घरी स्पीकरला जोडला. ट्यूबलाइटखाली धरला की भुंगा, खिडकीशी नेला की जरा कमी. हातात पिकअप घेऊन तो घरभर गोल गोल फिरत होता आणि मागून वायर सांभाळत मी आणि दिनू. शेजारच्या काकू दारातून विचारून गेल्या, "वास्तुशांत आहे का?"

फिरता फिरता विलास देवघरासमोर आला आणि आवाज एकदम बंद! वळला की सुरू, देवाकडे तोंड केलं की गप्प. तीनतीनदा करून पाहिलं. आम्हाला खूप नवल वाटलं. विलास सांगत होता की ती दिशेची गंमत आहे, वायरिंगकडे वेटोळं कसं धरतो त्यावर ते असतं. पण त्याचं ऐकतो कोण? माई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांनी पिकअपलाच हळदकुंकू लावलं.

"हाच घे. तो दुसरा काही कामाचा नाही."

"माई, तू दुसऱ्याचा आवाज ऐकलासुद्धा नाहीस!"

"याला देव कळतो. आवाजाचं काय घेऊन बसलास?"

* * *

तरी विलास मतं घेतच होता. एका रविवारी त्यानं आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. जुन्या गिटारवर दोन्ही नवे पिकअप ब्रिजजवळ चिकटपट्टीनं आळीपाळीनं लावून तोच तुकडा वाजवला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर.

"तीन कुठून आले?" मी विचारलं.

"गप्प ऐक. कुठला चांगला ते सांग."

दिनू म्हणाला दोन. मी म्हणालो दोन. दोन नंबर असा काही घुमला होता की पोटात जाणवत होता! युसूफचाचाही मुद्दाम आले होते, ते म्हणाले, "दोन. आँख मूँद के दोन."

आम्ही वळून पाहिलं तर विलासचा चेहरा पडलेला. "अरे, दोन म्हणजे माझा जुनाच. मानेजवळचा!"

"मग तोच वाजव की," दिनू म्हणाला.

"इतकी वर्षं तोच वाजवतोय. ऐकू आला का तिला?"

दुसऱ्या दिवशी चाचांनी बारीक पिकअपच्या मापाचा खड्डा कोरला. हळदकुंकवाचं मत वरचढ ठरलं म्हणा ना!

* * *

माई सुरतेला जायच्या आधीचा शेवटचा कार्यक्रम नाशिकमध्येच होता, चांगल्या बंदिस्त हॉलमध्ये. माई पहिल्या रांगेत, मांडीवर शालीची घडी. विलास ती शिसवी गिटार घेऊन जरा वाकूनच उभा होता. गिटारवर त्यानं एक बटण बसवून घेतलं होतं: एकीकडे फिरवलं की मानेजवळचा पिकअप, दुसरीकडे फिरवलं की ब्रिजचा.

पहिली काही गाणी त्यानं जुन्याच आवाजात काढली. मग मला डोळ्यांनी खुणावलं, पुढच्या गाण्याच्या मध्यावर माईंकडे बघितलं आणि बटण पूर्ण ब्रिजकडे फिरवलं. घुमणारा आवाज नाहीसा झाला आणि नवा कडक, टोकदार आवाज टणटण करत हॉलभर गेला. विलास जीव तोडून वाजवत होता. मीसुद्धा कीबोर्ड हळू केला, म्हटलं, आज ऐकू जाऊ दे बाबा त्यांना!

माई दचकल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि शाल सावरत चक्क उठून उभ्या राहिल्या.

"अहो, बघा कुणीतरी! जनरेटर बंद पडला!"

कार्यक्रमाचे आयोजक धावत आले. "माई, दिवे चालू आहेत सगळे. आणि आज जनरेटर आणलेलाच नाही."

स्टेजवर विलास माईंकडे बघत राहिला. मग त्यानं हळूच बटण परत मानेकडे फिरवलं.

"आणला नाही काय म्हणता?" माई म्हणाल्या. "हा काय, झाला चालू!" आणि त्या निवांत खाली बसल्या.