वसुबारसेचं वासरू

वसुबारसेला सासूबाईंना गाय-वासराची पूजा करायचीच होती. आता शारजाहच्या अल नहदात, बाविसाव्या मजल्यावर गाय आणायची कुठून? "मातीची करू या," म्हटलं, तर तोंड पाडून बसल्या. शेवटी वैतागून मीच खोर फक्कानच्या वाटेवरचा गाईंचा एक जुना फार्म शोधला. मालकाच्या आजोबांपासून चालू असलेला, सुट्टीच्या दिवशी लोकांना बघायला खुला.

गोठ्यावरचा माणूस राजस्थानचा, पन्नाशीचा. सासूबाईंनी गाईला कुंकू लावलं तसा तो हरखलाच. तीन वर्षांनी घरी जाणार होता, परवाच्या विमानाने, मुलीच्या लग्नाला. फोनवरचं तिकीटसुद्धा दाखवलं. फक्त एवढंच म्हणाला, "माताजी, कुछ खिलाना मत. बछड़ा छोटा है, दूध ही पीता है."

सासूबाईंच्या हातात नैवेद्याचे उडदाचे वडे तसेच. रडवेल्या झाल्या. माझं डोकंच फिरलं. तासभर गाडी हाकत आले ती काय याचं ऐकून घ्यायला? "भैया, पूजा है, एक से कुछ नहीं होता," असं दरडावून मी त्याला पाणी आणायला पिटाळलं आणि म्हटलं, "आई, घाला हो पटकन!"

वडा वासराच्या घशात अडकला. डोळे पांढरे झाले, पाय झाडायला लागलं. "मम्मा, इट कान्ट ब्रीद!" माझी मुलगी किंचाळली. गोठ्यावरचा माणूस बादली टाकून धावत आला, तोंडात हात खुपसला आणि वडा ओढून काढला. वासरू वाचलं.

तेवढ्यात मॅनेजर आला. "किसने खिलाया?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "इसी ने बोला, खिला दो."

"यल्ला, काम पे जाओ," मॅनेजर त्याला म्हणाला. "तुम्हारी छुट्टी खलास."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, बेटी की शादी है. सच बोल दो ना."

मी माझ्या मुलीचा दंड धरला आणि गाडीकडे निघाले.

गाडीत सासूबाई रडत होत्या. "तुमच्यासाठीच केलं!" मी ओरडले. "व्हिजिट व्हिसावर आहात तुम्ही, पोलीस आले असते तर?" बिचाऱ्यांनी डोळे पुसले.

पोलिसांचं मला काही वाटलं नव्हतं. त्या मॅनेजरने मला मूर्ख म्हणू नये, एवढंच होतं. मागे फिरायला पाच मिनिटं लागली असती. आम्ही खोर फक्कानला गेलो आणि बीचवर फोटो काढले.