व्हय म्हणजे होय नव्हे

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक चौकट आहे. काच लावलेली, खाली दोन्ही भागीदारांच्या सह्या. वर ठळक अक्षरात 'आमच्या कामाची तत्त्वं' आणि खाली सात कलमं. सातवं असं आहे : 'सांगितलेली गोष्ट माणसाने स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय त्याची संमती धरू नये.' काम घेऊन नवी पार्टी आली की ते वाचते, मान डोलवते आणि विचारते, हे कुणाला सुचलं? थोरले साहेब माझ्याकडे बोट करतात. मी हसते. आतून मात्र ती काच फोडावीशी वाटते.

परवा एका कॉलेजातून बोलावणं आलं. जबाबदारीनं धंदा कसा उभारावा यावर पोरांना चार शब्द सांगा म्हणाले. मी नाही म्हणून कळवलं. काय सांगू त्यांना? सुचलं वगैरे काही नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ना, त्यातले मागचे आम्ही. ठेच जिला लागली ती आमच्या चौकटीत कुठंच नाही.

तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. ऑफिस बेळगावात. जमिनीची मोजणी, नकाशे, सरकारदरबारचे अर्ज आणि नवीन धंदा काढणाऱ्याला सल्ला, अशी सगळी कामं आम्ही घ्यायचो. थोरले साहेब वकील, दुसरे भागीदार इंजिनियर, आणि तिसरी मी, पगारावरची. कारवारच्या जंगलपट्टीत, जोयडा भागातली कामं वाढली तशी रामनगरात भाताच्या गिरणीवर एक खोली घेतली आणि ती माझ्या गळ्यात मारली. मी रामनगरचीच. वडलांचं किराणा दुकान, मूळ घर खानापूरकडं. "बाई, तुम्हाला तिकडची भाषा येते, तुमच्यापुढं लोक मोकळे बोलतात," असं साहेब म्हणाले आणि मी फुगले. भाषा येते म्हणे.

काम असं होतं. एका कंपनीला गणेशगुडीच्या अलीकडं नदीकाठी पाहुण्यांसाठी लॉज बांधायचं होतं. तिथपर्यंत रस्ता पाहिजे होता आणि तो कुंभारवाड्याच्या पलीकडच्या एका वाडीवरून जाणार होता. वाडी म्हणजे या उतारावर एक घर, ओढ्यापलीकडं दुसरं, असं विखुरलेलं. ज्यांच्या जमिनीतून रस्ता जाईल त्यांची संमती घेऊन द्यायची, एवढंच आमच्याकडं. त्याच महिन्यात साहेबांच्या डोक्यात ती तत्त्वं शिरली होती. बेंगळूरच्या मोठ्या पार्ट्या हल्ली विचारतात म्हणे, तुमच्या कामाची काही नीती आहे का. साहेब येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मी टाइप करायची. प्रामाणिकपणा. पारदर्शकता. दुर्बलांचा आदर. सहा कलमं झाली. एकेक शब्द असा गुळगुळीत की हातात धरावा तर निसटावा.

सुगी उरकल्यावर मी वाडीवर गेले. सकाळची बस कुंभारवाड्याला सोडायची आणि पुढं दोन तास पायी. पहिलंच घर आक्काचं. साठीची बाई, नवरा केव्हाच गेलेला, मुलगा जंगलातल्या तोडीच्या कामावर, महिनामहिना बाहेर. घरामागं तिचं कुळागर, म्हणजे सुपारी, मिरी, केळी एकमेकांत लावलेली बाग. वरच्या कड्यातून झरा यायचा, त्याचा पाट तिनं आणि नवऱ्यानं दगड लावून बागेत आणला होता. त्या पाटावर सगळं उभं. थोडं भात व्हायचं ते पोटापुरतं. मीठमिरचीपासून लुगड्यापर्यंत बाकी सगळं सुपारीतून. पाटाच्या वरच्या अंगानं, झऱ्याच्या कड्यातूनच रस्ता जाणार होता.

आक्कानं पाणी दिलं, गूळ दिला, पान लावून दिलं. सुपारी घरची. मग मी पिशवीतून कागद काढला. कागद कानडीत छापलेला, मी तो मराठीत करून वाचू लागले. "तुमच्या जमिनीवरून रस्ता जाणार."

"व्हय."

"वरच्या अंगानं जाणार, कड्याजवळून."

"व्हय."

"कड्याचा थोडा भाग कापावा लागणार."

"व्हय, व्हय."

"तुमची हरकत न्हाई."

"व्हय."

आणि मी, कॉलेज शिकलेली, बेळगावात राहून आलेली शहाणी, प्रत्येक 'व्हय'पुढं 'होय' लिहीत गेले. बारा ओळी, बारा 'होय'. शेवटी अंगठ्यासाठी शाई काढली. आक्का म्हणाली, "ह्ये कशाला गं बाय?"

"मी येऊन वाचून दाखवलं त्याची खूण," मी म्हणाले.

हे वाक्य माझं. कुणी शिकवलं नव्हतं. ऊन चढलं होतं, अजून पाच घरं राहिली होती, संध्याकाळची बस चुकली असती. तेवढ्यासाठी मी ते वाक्य बोलले आणि त्या बाईनं माझ्यासमोर अंगठा उठवला, पदराला शाई पुसली, आणि जाताना मला केळ्याचा एक फणा बांधून दिला. तो मी घेतला. वर लाज नाही वाटली.

महिन्याभरानं इंजिनियरसाहेबांबरोबर आखणी करायला गेले. लाल रंगाच्या खुंट्या ठोकत आम्ही कड्यापाशी आलो तशी आक्का कोयता हातात घेऊन वर आली. मारायला नव्हे, मिरीची वेल सोडवत होती ती. खुंटीकडं बघितलं, झऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्ये काय चाललंय गं?"

"रस्ता, आक्का. मी सांगितलं न्हवतं का? तुम्ही व्हय म्हणाला."

"व्हय म्हटलं," आक्का म्हणाली. "तू सांगत हुतीस, मी ऐकत हुते. मुकाट बसले असते तर तूच म्हणाली असतीस, म्हातारी दगडागत बसल्या. कबूल हाय म्हटलं का मी? कबूल म्हटलं का?"

हातातली खुंटी मी खाली ठेवली. कारण मला ते ठाऊक होतं. आमच्याकडं कुणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, 'व्हय' म्हणत राहायचं. त्याचा अर्थ एवढाच की ऐकतोय, पुढं सांगा. माझी आई दुपारी तांदूळ निवडता निवडता गोष्ट सांगायची आणि आम्ही 'व्हय' म्हणायला चुकलो की तिथंच तोंड मिटायची. "ऐकायचं नसंल तर सांगू कुणाला, भिंतीला?" मग कितीही गयावया केली तरी गोष्ट पुढं सरकायची नाही. ज्या 'व्हय'वर मी लहानाची मोठी झाले, त्याचाच अर्थ मी कागदावर फिरवला होता. बेळगावचा कुणी परका असता तर म्हणता आलं असतं, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मला काय धाड भरली होती?

"कबूल असतं तर काय केलं असतंत?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"लेकाला इचारलं असतं. देवाफुडं नारळ ठेवला असता. मग तुला निरोप धाडला असता. पाणी द्यायचं म्हंजे काय वाटीभर मीठ द्यायचं हाय?"

दुसऱ्याच दिवशी बेळगाव गाठलं. साहेबांपुढं उभी राहिले आणि म्हणाले, ते कागद रद्द करा, सगळ्या घरांचे, मी चुकीचे लिहिलेत. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांची ही सवय मला तेव्हापासून बघवत नाही.

"कागद कंपनीकडं गेले, बाई. होय लिहिलंय. खाली अंगठा आहे."

"ती होय म्हणालीच नाही. व्हय म्हणाली."

"त्यात फरक काय?"

मी फरक सांगितला. ते हसले. वाईट माणूस नव्हे हो तो, तेच तर दुखणं. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. म्हणाले, "लोकांना मागाहून पस्तावा होतो, मग असली कारणं निघतात. शिवाय चूक तुमची आहे, ऑफिसची नाही. आणि आता आपण तोंड उघडलं तर पुढची कामं कोण देईल?"

तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीला टेकून ती चौकट उभी होती, नुकतीच काच बसवून आलेली. मी म्हणाले, "दुर्बलांचा आदर म्हणून मीच टाइप केलंय ना हे? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. उतरवा तरी ते." माझा आवाज बाहेरच्या खोलीत गेला असणार, कारण टाइपरायटर थांबला.

इंजिनियरसाहेब मध्ये पडले. रस्त्याखालून मोरी घालू, मोठा पाइप टाकू, झऱ्याचं पाणी पलीकडं काढू, बाईच्या बागेला धक्का लागणार नाही. मी ते ऐकलं आणि गप्प झाले. मला गप्प व्हायचंच होतं असं आता वाटतं. राजीनामा लिहून पिशवीत ठेवला होता, तो पिशवीतच राहिला. कंपनीला परभारे पत्र लिहिता आलं असतं, आक्काच्या मुलाला हुडकून तक्रार करायला लावता आली असती. त्यातलं काही केलं नाही. त्याऐवजी मी म्हणाले, मग निदान यापुढं तरी असं होऊ नये म्हणून सातवं कलम घाला. आणि ते मी तिथंच तोंडानं सांगितलं.

साहेब खूश झाले. खरंच खूश. दोनदा वाचलं आणि म्हणाले, "छान आहे. पार्टीला आवडेल हे." नवी काच, नवी चौकट. वरातीमागून घोडं, आणि घोड्याचंच कौतुक.

पार्ट्यांना आवडलं. त्या कलमावर आम्हाला किती कामं मिळाली हे मला सांगवत नाही. मोठमोठी माणसं यायची, वाचायची, म्हणायची, असा विचार करणारं ऑफिस आम्ही हुडकत होतो. कलम खोटं नव्हतं, आम्ही ते पाळलं, अजून पाळतो. कितीतरी ठिकाणी लोकांनी आपल्या शब्दांत 'नको' म्हणून सांगितलं आणि आम्ही ते तसंच लिहिलं. याचा मला आनंद व्हायला हवा. होतोही. आणि मग स्वतःचाच राग येतो.

मोरी घातली, पाइपही टाकला. पण कडा कापला तशी झऱ्याची वाट फिरली. पाणी खाली रस्त्याच्या गटारात फुटलं आणि पाइप कोरडाठाक. इंजिनियरसाहेब म्हणाले, डोंगराच्या पोटातलं कुणाला दिसतं. आक्काला दिसत होतं की. म्हणून तर ती विचारून सांगणार होती.

मला तिच्याकडं जायला तिसरा उन्हाळा उजाडला. पाय उचलत नव्हता हे कारण, बाकी सगळ्या सबबी. कुळागरात सुपारीची झाडं उभी होती, शेंडे नसलेली, नुसते खांब. आक्का ओसरीवर बसली होती. आलीस, म्हणाली. बस, म्हणाली. पाणी दिलं, गूळ दिला, पानाचं तबक पुढं सरकवलं. तबकात सुपारी होती ती दुकानातली, कागदाच्या पुडीतली.

मी बोलायला सुरुवात केली. बसमध्ये सगळं मनात जुळवून आणलं होतं. "आक्का, त्या दिवशी मी अंगठा घेतला तेव्हा खोटं बोलले." थांबले. "कागदावर मी कबूल हाय असं लिहिलं, तुम्ही म्हणाला नसताना." थांबले. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती, ऐकत होती, एकेक शब्द ऐकत होती. पण 'व्हय' म्हणाली नाही. आतून तिची सून म्हणाली, "आत्ती आता कुणालाच व्हय म्हणत न्हाई. नातवानं शाळंतलं काय सांगितलं तरी गप ऐकती."

मी पुढचं वाक्य जुळवून बघितलं. तोंडातून निघेना. आईनं लावलेली सवय, हुंकार नसला की माझी गोष्ट पुढं सरकत नाही. पान तसंच हातात धरून बसून राहिले आणि मग बसची वेळ झाली म्हणून उठले.