तीन मिनिटांत न बसलेलं

रेकॉर्डताई तबकडीवर सुई टेकवायच्या आणि वर मलाच दटावायच्या, "गाणं ऐकू नकोस, खोली ऐक." मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. कुठल्याशा जुन्या अमेरिकन बाईचा आवाज आणि त्यावर पापड तळल्यासारखी चरचर, एवढंच माझ्या कानी पडायचं. ताई मात्र डोळे मिटून सांगायच्या, "बाई कर्ण्यात तोंड घालून गातेय. बॅन्जोवाला तिच्या खांद्याशी. आणि ढोलवाल्याला पार दाराशी बसवलंय, नाहीतर कोरणारी सुई उडायची. बिचारा!" त्या न पाहिलेल्या ढोलवाल्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

ताई मूळच्या मिरजेच्या; रेकॉर्डताई हे नाव इथल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. न्यूझीलंडमध्ये, लोअर हट गावातल्या औषधांच्या दुकानात त्या मुख्य फार्मासिस्ट होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही, तिथे तबकड्या राहायच्या. इथल्या म्हाताऱ्यांची घरं आवरली की त्यांच्या रेकॉर्डी ऑप शॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, जुन्या कपबश्यांशेजारी येऊन पडत, आणि ताई त्या उचलून आणत. नवरा लवकर गेला, मुलगी मीरा नोकरीसाठी ऑकलंडला, त्यामुळे ऐकायला हक्काचं माणूस मीच. पुरणपोळी खायची तर अमेरिकेचा इतिहास ऐकावा लागे.

"अमेरिकेचं गाणं तीन मिनिटांचं का, सांग बघू?" मी पोळीचा पुढचा घास घ्यायचे. "कारण तबकडीच तेवढी होती. गावाकडे रात्रभर गात बसायचे लोक. त्यातलं तीन मिनिटांत बसलं ते राहिलं, बाकीचं गेलं." कंपन्यांची माणसं यंत्रं घेऊन दक्षिणेकडच्या गावांत उतरायची, हॉटेलच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगायची आणि शेतांवरच्या काळ्या गायकांना बोलावून गाऊन घ्यायची. त्यांच्या तबकड्या विकल्या जायच्या त्याही वेगळ्या यादीत, गोऱ्यांच्या गाण्यांत मिसळू न देता. "आजीला गुलामांच्या बाजारात विकलं, नातीचा आवाज विकला," ताई म्हणायच्या आणि माझ्या पानात तूप वाढायचं राहून जायचं. आज जगभर वाजणारं पॉप त्या गोधड्यांच्या खोल्यांतून निघालं, हे त्यांचं ठाम मत होतं.

एकदा गणपतीच्या पॉटलक जेवणाला एका पुणेकर इंजिनिअरने त्यांना छेडलं, "ताई, माईकमध्ये कुजबुजणं म्हणजे काय गाणं? गळा कमावलेला हवा." ताई उसळल्याच. "अरे, माईक येईपर्यंत प्रेमसुद्धा ओरडून सांगावं लागायचं! माईक आला म्हणून हळू बोलणाऱ्यांना गाता आलं. मग टेप आली, चुकलेलं कापता यायला लागलं, एकच बाई स्वतःच्या आवाजाला साथ द्यायला लागली. यंत्र बदललं की गळा बदलतो." इंजिनिअर हसला आणि मोदक घ्यायला उठला.

आणि मग ताईंचाच गळा बसला. खोकल्याची औषधं झाली, तपासण्या झाल्या, आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर होता. मीरा पहिल्या विमानाने आली. आई मराठीत बोलणार आणि लेक इंग्रजीत उत्तर देणार, हा त्या घरातला जुना रिवाज. "घाबरू नकोस गं," ताई म्हणाल्या. "आयम नॉट स्केअर्ड, आई," म्हणून मीरा बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टने एक उपाय सुचवला. ऑपरेशनच्या आधी नेहमी लागणारी वाक्यं ताईंनी आपल्या आवाजात रेकॉर्ड करायची, त्यांची टॅब्लेटवर बटणं करून देता येतील. बटण दाबलं की ताई बोलतील, मराठीतसुद्धा. फक्त खोली शांत हवी, फ्रिजदेखील बंद ठेवा, असं तिने बजावलं. "फ्रिज चालू राहील," ताईंनी सांगून टाकलं. "माझं घर ऐकू आलं पाहिजे." स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या पाठ ताठ करून बसल्या. टॅब्लेट मी धरला होता. आवाज घोगरा झाला होता, दमही लागत होता, तरी एकेक वाक्य त्या असं म्हणत होत्या की जणू समोर माणूस उभं आहे. "जेवलीस का?" "पोचलीस की फोन कर." "स्वेटर घाल, सदर्ली वारा सुटलाय." "गाडी हळू चालव." "किती वाळलीस!" "माझं काही नाही, तू नीज." मग त्या म्हणाल्या, "झालं. एवढंच तर बोलते मी." मलाही पटलं. आम्ही चहा प्यायलो.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा वेदनेने वेडावाकडा झाला होता. पाटीवर लिहायला गेल्या तर औषधांच्या गुंगीत नुसत्या रेघा उठल्या. म्हणून मीराने टॅब्लेट पुढे केला. ताईंचं बोट बटणांवरून फिरलं, परत फिरलं, आणि थांबलं. तेव्हा कुठे आम्हाला कळलं. त्यात "दुखतंय" नव्हतं. "पाणी दे" नव्हतं. "माझ्याजवळ बस" नव्हतं. जन्मभर ज्या बाईने रेकॉर्डिंगच्या गोष्टी सांगितल्या, तिने स्वतःसाठी लागणारं एक वाक्यही रेकॉर्ड केलं नव्हतं, आणि शेजारी बसलेल्या मलाही ते खटकलं नव्हतं. आम्हा बायकांना ते खटकतच नाही. आता आवाज गेला होता. शेवटी ताईंनी "माझं काही नाही, तू नीज" हे बटण दाबलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मीराने टॅब्लेट घेतला आणि कॉरिडॉरमध्ये गेली. परत आली तेव्हा तीन नवी बटणं होती. ताईंनी पहिलं दाबलं. मीराचा आवाज आला, किवी हेल काढत, अडखळत, "मला हीप्स दुखतंय." इथल्या इंग्रजीतलं 'खूप' तिने मराठीत घुसवलं होतं. हसावं की रडावं, मला कळेना. नर्सला मात्र तेवढं 'हीप्स' पुरलं, तिने लगेच औषध आणलं. तेव्हापासून आईची दुखणी लेकीच्या आवाजात बोलायला लागली. मीरा खोलीत नसताना तिचाच आवाज दुखतंय, दुखतंय म्हणताना ऐकला की मी उठून ताईंच्या उशा सारख्या करायचे.

वर्षभराने आजार उलटला आणि ताईंना हॉस्पिसमध्ये, अखेरच्या शुश्रूषेसाठी, हलवलं. शेवटच्या दुपारी मी तिथेच होते. मीरा पलंगाच्या काठावर वाकून विचारत होती, "आई, आर यू इन पेन? टेल मी." ताईंचं बोट टॅब्लेटवर आलं. लेकीच्या आवाजातली बटणं वरच्याच ओळीत केली होती, लगेच सापडावीत म्हणून. बोट त्यांच्यावरून पुढे गेलं. ताईंचा स्वतःचा आवाज आला, घोगरा, मागे फ्रिजची घरघर.

"जेवलीस का?"

या प्रश्नाला मीरा आयुष्यभर "यस, आई" असं वर न बघता म्हणत आली होती, जेवली असो वा नसो. त्या दिवशी तिने आईच्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, "नाही गं आई. सकाळपासून काहीच नाही."

ताईंनी डोळ्यांनीच माझ्या पिशवीकडे खूण केली. मी घरून आणलेला वरणभाताचा डबा मीराच्या हातात दिला. ती आईसमोर बसून जेवली, रडत, एकेक घास गिळत, आणि डबा रिकामा होईपर्यंत ताईंनी तिच्यावरची नजर हलवली नाही. पहाटे त्या गेल्या.