निवायच्या आधी घेतलेलं माप

माझी नोकरी युरेनियम मोजण्याची. ऐकायला लई भारी वाटतं ना? प्रत्यक्षात पिंप काट्यावर ठेवायचं, वजन लिहायचं, खाली सही ठोकायची. आमच्या कारखान्यात अणुभट्टीचं इंधन बनायचं, आणि अधूनमधून परदेशी निरीक्षक यायचे. विजेसाठी म्हणून ठेवलेलं युरेनियम बॉम्बसाठी गुपचूप बाजूला तर काढत नाहीत ना, हे बघायला. पिंपांना त्यांची सीलं, भिंतीवर त्यांचे कॅमेरे, हातात त्यांची यंत्रं.

सुट्टीला गावी गेलो की हेच मी पारावर तिखटमीठ लावून सांगायचो. नांदूरघाटच्या पलीकडचं आमचं लहानसं गाव. "चिमूटभर जरी गेलं ना, तरी आमी पकडतो!" असं म्हणायचो. साफ थाप होती ती. पण माणसं आ वासून ऐकायची आणि मला चढायचं.

त्या वर्षी दुष्काळ होता. विहिरी कोरड्या, टँकर दोन दिवसांआड. गाव तगून होतं ते सहकारी दूध डेअरीवर. नेमकं तेव्हाच आमचं दूध पातळ म्हणून शीतकरण केंद्रावरून परत आलं. पुन्हा असं झालं तर अख्ख्या गावाचं दूध बंद, असा दमही मिळाला. पाणी कोण घालतंय यावर कुजबुज सुरू झाली आणि बोटं वळली डेअरीच्या शेजारी राहणाऱ्या मावशीकडे. मावशी म्हणजे सगळ्या गावाचीच मावशी. एकटी बाई, एकच म्हैस. संशय का, तर डेअरीचा शेक्रेटरी तिचं दूध आल्या आल्या कधी मापायचा नाही. बादली कोपऱ्यात ठेवून घ्यायचा आणि रांग संपली की शेवटी, बघायला कुणी नसताना, लॅक्टोमीटर सोडायचा. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची नळी. दूध दाट असलं तर वर तरंगते, पातळ असलं तर खाली बसते.

"साहेब, तुमी तर अणू मोजता," लोक म्हणाले. "एवढं आमचं दूध बघा की."

बस्स, मला तेवढंच पाहिजे होतं.

संध्याकाळी जाऊन डेअरीत उभा राहिलो. मावशी धार काढून तशीच आली. दुधावर फेस, बादली हाताला गरम. शेक्रेटरी सवयीनं ती कोपऱ्याकडे न्यायला लागला. मी हात आडवा घातला.

"कोपऱ्यात न्हाई. आत्ता, सगळ्यांसमोर."

"निवू द्या की जरा."

"कावून? निवतंय तोवर तुमी काय करता त्याचं?"

"पहिल्यापासून असंच करत्यात," तो म्हणाला. त्याच्या आधीचा शेक्रेटरी तसं करायचा, म्हणून हाही करायचा. मी नळी सोडली. ती खाली बसली.

"पाणी हाय," मी भरल्या रांगेत म्हणालो. वर ऐटीत भर घातली, "माप खोटं बोलत नसतंय मावशी." आणि ते दूध नालीत ओतायला लावलं.

मावशी रिकामी बादली उचलत म्हणाली, "प्यायला पानी न्हाई लेकरा, दुधात घालाया कुठून आणू?"

लोक हसले. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही जीव नकोसा होतो.

संस्थेच्या नियमानं तिचं दूध दोन महिने बंद झालं. दुधाच्या जोरावरच ती कसाबसा कडबा आणत होती. महिन्याभरात म्हैस बाजारात गेली.

नंतर कारखान्यात एक निरीक्षक बाई आल्या, मोजकं बोलणाऱ्या. माझ्या सहीच्या एका पिंपाला त्यांनी यंत्र लावलं, तर युरेनियमचा आकडा मी लिहिलेल्यापेक्षा कमी. कोणीही मला तिथंच चोर ठरवलं असतं. बाईंनी एवढंच विचारलं, "खोलीत इतकं गरम केव्हापासून आहे?" एसी सकाळीच बंद पडला होता. उकाड्यात ते यंत्र बहकतं हे मलाही ठाऊक होतं, पण भीतीनं सुचलं नव्हतं. एसी सुरू होईस्तोवर थांबून त्यांनी यंत्र निवू दिलं. आधी माहितीतल्या नमुन्यावर तेच तपासलं, मग पिंप पुन्हा मोजलं. आकडा जुळला. मी आभार मानायला लागलो, तर म्हणाल्या, "एका मापावर आम्ही कुणाला काही म्हणत नाही. आधी मापावर शंका घेतो."

आणि मला ती गरम बादली आठवली.

गरम दुधात नळी जास्तच खाली जाते. ताज्या धारेत हवा असते, तीही फसवते. इतरांचं दूध वस्तीवरून येईस्तोवर निवायचं, शेजारच्या मावशीचं निवायला वेळच मिळायचा नाही. शेक्रेटरी बिचारा बरोबर मापत होता. अडाणी मी निघालो, याच कामाचा पगार खाणारा! तिच्या दुधात पाणी होतं की नव्हतं, ते आता कुणालाच कळणार नाही. कारखान्यात आम्ही प्रत्येक नमुन्याचा थोडा हिस्सा सील करून ठेवतो, वाद झाला तर पुन्हा मोजता यावा म्हणून. मावशीचं दूध मी नालीत घातलं होतं.

पुढच्या सुट्टीत तिच्या घरी गेलो. म्हशीच्या जागी सरपण रचलेलं होतं. सगळं सांगितलं, पाय धरले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला कावून सांगतो? मला तर ठावंच होतं की," ती म्हणाली. "जिथं म्हनलास, तिथं जाऊन सांग."

"सांगतो," मी म्हणालो. डेअरी दहा पावलांवर होती आणि दुधाची वेळ होत आली होती. मी अंबाजोगाईची एस.टी. पकडली. गाडी डेअरीसमोरून निघाली तेव्हा रांग लागलेली होती. मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसलो होतो.

आता हे लिहिलं म्हणजे चारचौघांत सांगितलं, असं मनाला समजावतोय. पण तुम्ही कुणी त्या रांगेत नव्हता.