चांदीने खाल्लेला खांदा

सुधाकरचा फोन आला तेव्हा मी एवढंच बजावलं, की मी येईपर्यंत विमान धुवायचं नाही. डाग असतील तसे राहू देत, मला डागच बघायचे असतात. तो म्हणाला, "मॅडम, ते धुऊन झालंय. माय धुते."

तिथेच मला लगेच निघायचं ठरवावं लागलं.

नव्या वाचकांसाठी सांगते. माझी सगळी नोकरी मुंबईत, विमानांच्या हँगरमध्ये झाली. नेहमीच्या देखभालीसाठी विमान आलं की त्याच्या पोटात शिरून धातू कुठे सडतोय ते शोधायचं, हे माझं काम. आता निवृत्त होऊन नाशिकला राहते. सुधाकर माझ्या हाताखाली शिकला, पुढे त्याने वैमानिकाचा परवाना काढला आणि शेवटी बुलढाणा जिल्ह्यात, पूर्णेच्या बाजूला, घरच्या शेतीवर परतला. येताना एक जुनं दोन आसनी विमान घेऊन आला. लोक ट्रॅक्टर घेतात. वर्षाची तपासणी तो स्वतः करू शकतो, पण आपल्या विमानाकडे आपले डोळे प्रेमाने बघतात, म्हणून ते काम दुसऱ्याने करावं, असं मीच त्याला शिकवलं होतं. यंदा तो दुसरा माणूस मी.

घाईचं कारण त्याची आई, गोदाबाई. ऐंशी ओलांडलेल्या. आपलं वावर एकदा वरून पाहायचं, एवढीच त्यांची मागणी. ती बरीच वर्षं पुढे ढकलली जात होती. यंदा सुधाकरने कबूल केलं होतं, की तपासणी झाली की बसवतो.

नाशिकहून शेगावला दिवसाची गाडी घ्या. गुरुवार आणि सुट्टीचे दिवस टाळा, नाहीतर स्टेशनाबाहेर पडायलाच प्रवासाइतका वेळ लागतो. कचोरी स्टेशनवरच खावी, गरम असेल तर. माझी गरम नव्हती, तरी खाल्ली. पुढे सुधाकरची जीप. रस्ता अर्धा नवीन, अर्धा आठवणीतला. दोन्हीकडे काळी जमीन, वेचून झालेली कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. डिसेंबरात ऊन सोसवतं, उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर जावं.

हा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट. पिण्याचं पाणी कॅनमधून येतं, बाकी सगळं बोअरचं. चहा करताना साखर किती ते विचारतात. मिठाचं कोणी विचारत नाही, कॅन संपला असेल तर ते पाण्यातच असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर होता. मी त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, विमान कोणत्या पाण्याने धुता? सुधाकर म्हणाला, महिन्यातून एकदा कॅनच्या. आणि माय? माय बोअरच्या, दर अमावस्येला. तो नको म्हणाला की त्या म्हणायच्या, बैल काय कॅननं धुतो का?

रात्रीच्या जेवणात रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याची भाजी होती. रोडगा फोडला की पदर सुटे होतात. मी दोन खाल्ले आणि लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले. शेड साधी, पत्र्याची, पण झाडलेली. विमान पांढरं, पंख धडाच्या तळाशी असलेलं, लखलखीत. लखलखीत विमानावर मी विश्वास ठेवत नाही. टॉर्च, आरसा, भिंग आणि चटई एवढं घेऊन मी आडवी झाले. रंगाला फोड आलेत का, रिव्हेटांभोवती काळसर रेघ आहे का, हे नाकाच्या टोकापासून बघत यायचं. शेपटीपर्यंत सगळं ठीक होतं. मग डावा पंख जिथे धडाला जोडतो तिथे, खालच्या अंगाला, आरशात काहीतरी चमकलं.

चांदीचं स्वस्तिक होतं. तळहाताएवढं. पाइपाला लावतात त्या चिकट लगद्याने कडेने नीट बसवलेलं. भोवती पिवळा डाग.

सुधाकरला बोलावलं. त्याने चटईवर आडवं होऊन पाहिलं. हळदीचं त्याला माहीत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी या भागात बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि त्यांना म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गोदाबाईंच्या घरी आता बैल नाहीत, म्हणून त्या विमानाचे खांदे शेकत. त्याला वाटे, लोण्याने काय बिघडतं? स्वस्तिक मात्र त्याला माहीत नव्हतं.

मी ते पातळ पट्टीने अलगद काढलं. खाली रंग नव्हताच. रंगावर चिकटेना म्हणून विळ्याने खरवडलेला होता. उघड्या धातूवर पांढरी भुकटी होती, ती पुसली तर खड्डे. जवळचं झाकण काढून, पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईवर टॉर्च मारला. आत झिरपलेल्या खाऱ्या पाण्याने तिथे धातूला पदर सुटले होते. रोडग्याला सुटले तर कौतुक करावं, पंखाच्या तुळईला सुटले तर उडू नये.

दोन वेगळे धातू चिकटून बसले आणि मधे खारं पाणी आलं, की एक दुसऱ्याला खातो. चांदी आणि ॲल्युमिनियममध्ये खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम.

"मॅडम, मायले यातलं काही सांगू नका," सुधाकर म्हणाला. "हवा चांगली नाही म्हणू."

बाहेर हवा उत्तम होती.

तेवढ्यात गोदाबाईच शेडमध्ये आल्या. नऊवारी, पायात बूट. बूट उड्डाणासाठी घेतलेले, हे नंतर कळलं. माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "मंग? यंदा काय कारन काढलं? पयल्या साली बीपी होतं. मंग वारा होता. मंग कापूस होता."

सुधाकर हवेकडे वळणार होता. मी म्हणाले, "आजी, विमान उडणार नाही. इथे बसा, दाखवते."

खुर्ची आणली. त्यांच्या हातात आरसा दिला, टॉर्च मी धरला. त्यांनी खड्डे पाहिले, मग बोटाने भुकटी घेऊन चोळली. म्हणाल्या, "वावर असंच मिठानं फुलते उन्हाळ्यात. मंग तिथं काई येत नाई." त्यांनी विचारलं, "हे चांदीनं केलं?"

"चांदीने आणि बोअरच्या पाण्याने."

"म्हंजे म्या केलं."

"हो," मी म्हणाले.

सुधाकरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी हँगरमध्ये अनेकदा पाहिली आहे. विमान थांबवलं की कोणीतरी तसं बघतंच.

गोदाबाईंनी आरसा मांडीवर पालथा ठेवला. "बरं झालं सांगतलं," त्या म्हणाल्या. "हा तं मले लेकरासारखा भुलवून राह्यला. मले वाटे, म्हातारी वर जाऊन मरंल म्हून हा भेते. इमानच आजारी असंल तं मी काऊन बसू?" मग मुलाकडे वळून, "तू भेत होता ना बे?"

"हाव," सुधाकर म्हणाला.

तुळईचा तेवढा भाग बदलावा लागणार होता. तो बाहेरून मागवायचा, बसवायचा, मग पुन्हा तपासणी. महिने जाणार. गोदाबाईंनी सगळं ऐकलं आणि शेवटी फक्त एकच विचारलं, चांदीचं काय करायचं?

म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही खामगावला गेलो. चांदीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. घ्यायची नसली तरी बाजार बघावा, गाडी मात्र बाहेर लावून चालत जावं. सराफाने स्वस्तिक ओळखलं. त्याच्याच दुकानातलं. गोदाबाईंनी त्याला खडसावलं, की तुझ्या चांदीनं माह्या इमानाचा खांदा खाल्ला. तो म्हणाला, माल शुद्ध आहे, आजवर अशी तक्रार कोणाची आली नाही. यावर मला बोलता आलं असतं, पण तो म्हणत होता ते खरंच होतं. गोदाबाईंनी स्वस्तिक आटवून पणतीसाठी, म्हणजे सुधाकरच्या नातीसाठी, चमचा करायला सांगितला. "खायचंच असंल तं खीर खाय म्हना," त्या म्हणाल्या.

निघायच्या दिवशी शेडला कुलूप लावण्याआधी त्यांनी पंखाच्या खांद्यावर कोरडा हात ठेवला. हळद नाही, लोणी नाही, पाणी नाही. आवतनाचं तेच वाक्य पुटपुटल्या. मी त्यांना आमच्या हँगरची रीत सांगितली, की तपासणीवर जो सही करतो, तो पहिल्या उड्डाणात बसतो. विमान दोन आसनी आहे, तेव्हा पहिल्या वेळी सुधाकर आणि मी. त्यांनी हरकत घेतली. वावर त्यांचं, पोरगा त्यांचा, विमान पोराचं, मग त्यांच्या आधी मी कशी? मी म्हणाले, रीत आहे. त्यांनी कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

घरी येऊन बॅग रिकामी केली. प्रवासात नेलेल्या किटलीच्या तोंडाशी पांढरा थर होता, तो व्हिनेगरने गेला. गोदाबाईंनी बांधून दिलेल्या तुरीच्या शेंगा सोलून झाल्या. शेवटच्या दिवशी शेगावला घेतलेली कचोरी गरम होती, ही नोंद आधीच्या मजकुराला जोडून वाचावी. बाकी एकच गोष्ट राहिली आहे. सुधाकरच्या शब्दाखातर मी हवेचं कारण सांगितलं असतं, तर त्या बाई बूट घालून आणखी किती अमावस्या थांबल्या असत्या, ते मला मोजता येत नाही.

मधे काही महिने गेले. काल फोन आला. तुळई बसली. सुधाकर तांत्रिक काहीतरी सांगत होता, तेवढ्यात फोन त्याच्या हातातून गेला.

"बाई, आवतन झालं होतं, आता जेवाले या," गोदाबाई म्हणाल्या. "तुमी म्हनता तं पयले तुमीच जा. वरती सगळं नीट असंल तं मंग मी बसतो. अन् नसंल तं खाली येऊन मले खरंखरं सांगजा."

मी तिकीट काढलं आहे. गुरुवार टाळून.