ओट्याचा कल

धरणाकाठच्या माळावर गाडीमागे जोडून आणलेला आमचा छोटा, राहण्याचा ट्रेलर उभा केला. गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ लांबीच्या बाजूने ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. रुंदी मी नजरेनेच पाहिली, चारही कोपऱ्यांचे पाय खाली टेकवले आणि हात झटकले.

“इतक्यात हात धुऊ नका,” बायको आतून म्हणाली. तिने शेगडीवर सपाट तवा ठेवून तेल सोडलं होतं. तेल सरळ दाराकडे निघालं होतं.

पुन्हा पाय उचलले, गाडी जोडली, दाराकडचं चाक फळीवर चढवलं. चाकांना दगड लावले. आता तेल तव्याच्या मधोमध शांत बसलं.

जेमतेम दोन दिवसांच्या मुक्कामासाठी जमिनीची केवढी मनधरणी! घरी आपण विचारतसुद्धा नाही. कुणीतरी कधीतरी फरशी बसवलेली असते आणि आपण बिनधास्त तिच्यावर संसार मांडतो.

तिने घावन पुढे केलं. गोल, सगळीकडे सारखं पातळ. घरी तिचं घावन नेहमी एका बाजूला जाड होतं आणि मी लग्नापासून त्याची चेष्टा करत आलोय.

“आज जमलं की तुला!”

“आज तवा सरळ आहे. घरचा ओटा खिडकीकडे कललाय, पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही हसत हसत चार जास्त खायचात,” ती म्हणाली आणि तव्यावर पुढचं घावन घातलं.